गिअरबॉक्सचं तेल, दोन नळ्या आणि त्यांची वाट



सातवीच्या सामान्य विज्ञानात उष्णता शिकवताना वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द मुलं पटकन पाठ करतात. उदाहरणंही ठरलेली असतात. गरम चहातला चमचा म्हणजे वहन, पातेल्यात उकळणारं पाणी म्हणजे अभिसरण आणि सूर्य म्हणजे प्रारण. पेपरात हे लिहून मार्क मिळतात. पण "हे तिन्ही एकाच ठिकाणी कुठे दिसतात?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

आज आपण असंच एक ठिकाण पाहणार आहोत. ते आपल्या रोजच्या चारचाकीच्या बोनेटखाली आहे. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल गार करण्यासाठी दोन नळ्या बसवलेल्या असतात. त्या कुठून न्यायच्या, कुठून न्यायच्या नाहीत आणि का, हा आजचा विषय. शिक्षकांना यातून एक चांगला पाठ मिळेल. आणि ज्या पालकांकडे ऑटोमॅटिक गाडी आहे, त्यांना गॅरेजमध्ये नेमकं काय विचारायचं ते कळेल.

१) गिअरबॉक्समध्ये तेल कशासाठी?

हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्समधलं तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. दातेरी चाकं त्या तेलात बुडून फिरतात, तेल उडतं आणि सगळीकडे पोहोचतं. तिथे उष्णता तशी कमी तयार होते, त्यामुळे साध्या गाडीत ते तेल गार करायला वेगळी व्यवस्था सहसा लागत नाही.

ऑटोमॅटिक गाडीत मात्र तेलावर बरीच जास्त जबाबदारी असते. इथे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर नावाचा भाग असतो. तो कसा चालतो हे मुलांना सांगायचं असेल तर दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही असेच दोन पंखे असतात, फक्त हवेच्या जागी तेल असतं. इंजिनला जोडलेला पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. शिवाय गिअर बदलण्यासाठी आतल्या क्लचना दाबण्याचं कामही हेच तेल करतं.

तेलावर चालणारी ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये 'हायड्रा-मॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. मोठ्या संख्येने बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

इथे एक खुलासा. आपल्याकडे 'एएमटी' नावाने मिळणाऱ्या गाड्या म्हणजे साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. त्यामुळे आपण ज्या नळ्यांबद्दल बोलतोय त्या साधारणपणे त्यात सापडणार नाहीत.

२) तेल तापतं कशामुळे?

पुन्हा टेबलफॅनकडे या. पहिला पंखा जितक्या वेगाने फिरतो तितक्या वेगाने दुसरा फिरत नाही, मागे राहतो. मधली जी ताकद वाया जाते तिची उष्णता होते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ही उष्णता थेट तेलात उतरते.

सपाट रस्त्यावर एका वेगाने गाडी चालली असेल तर आतला लॉकअप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जोडून टाकतो आणि हा प्रश्न कमी होतो. पण मे महिन्यात सामानाने भरलेली गाडी घाट चढतेय, पुढे ट्रक आहे, वेग पंधरा-वीसच्या वर जात नाही, अशा वेळी दोन पंख्यांच्या वेगात फरक मोठा राहतो आणि तेल झपाट्याने तापतं. त्यातच गाडीचा वेग कमी, म्हणजे समोरून येणारा वाराही कमी.

नेहमीच्या चालवण्यात हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलेलं चांगलं. ते १२० अंशांच्या पुढे जाऊन तिथेच राहू लागलं की तेलाचा दर्जा वेगाने घसरतो. आत चिकट थर बसू लागतो, पुढे रबरी सील कडक होतात, क्लचच्या चकत्या घसरू लागतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुरुस्ती किती महाग पडते हे ज्यांनी बिल भरलंय त्यांना सांगायला नको.

३) तेल गार कसं होतं?

आपल्याकडे चहा बशीत ओतून पितात. का? कपापेक्षा बशीत चहाचा जास्त पृष्ठभाग हवेला लागतो म्हणून. तेलाचा कूलर हेच तत्त्व वापरतो. गिअरबॉक्समधला पंप गरम तेल एका नळीतून बाहेर ढकलतो. ते कूलरच्या पातळ पोकळ पट्ट्यांमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीतून गार होऊन परत येतं. एक जाणारी नळी, एक येणारी नळी.

अनेक गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच बसवलेला असतो. इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. रेडिएटरमधलं पाणी, म्हणजे कूलंट, स्वतःच ८५-९० अंशांना असतं. मग ते दुसऱ्याला गार कसं करणार?

उत्तर उष्णतेच्या पहिल्याच नियमात आहे. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. तेल ११५ अंशांवर असेल तर त्याच्या दृष्टीने ९० अंशांचं पाणी थंडच. शिवाय कूलर मुद्दाम रेडिएटरच्या बाहेर पडण्याच्या बाजूच्या टाकीत ठेवतात, जिथे कूलंट वाऱ्याने गार होऊन आलेला असतो. थंड प्रदेशात याचा उलटा फायदाही होतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर कूलंट तेलाच्या आधी तापतो आणि थंड, घट्ट तेलाला थोडी ऊब देतो.

काही नव्या गाड्यांत हा कूलर गिअरबॉक्सवरच बसवून कूलंटच्या नळ्या तिथपर्यंत आणतात. तिथे तेलाच्या लांब नळ्या नसतात, पण नळ्यांच्या वाटेचे नियम तेच लागू होतात.

मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर गावात पल्सर २२० किंवा जुनी हिमालयन ४११ मोटारसायकल शोधा. इंजिनच्या पुढे पट्ट्यापट्ट्यांचा छोटा ऑइल कूलर आणि त्याला जोडलेल्या नळ्या उघड्यावर दिसतात. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन आणि गिअर एकाच तेलात चालतात, त्यामुळे हे उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. गाडी बंद आणि गार असतानाच दाखवायची, हे विसरू नका.

४) मुख्य मुद्दा : नळीची वाट

गणितात आपण शिकवतो की दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. मग गिअरबॉक्सपासून रेडिएटरपर्यंत सरळ नळी टाकली की झालं, असं कुणालाही वाटेल. पण कारखान्यातून आलेल्या गाडीत बघा, नळी वळसे घेत, कुठे खाली उतरत, कुठे चॅसिसच्या आडोशाने गेलेली दिसते. त्या प्रत्येक वळशाला कारण असतं.

घरातलं एक उदाहरण घ्या. गॅस सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची नळी आपण बर्नरच्या मागून नेत नाही, दाराच्या फटीत चेमटू देत नाही, ओट्याच्या धारदार कडेवर घासू देत नाही आणि दुमडूही देत नाही. तेलाच्या नळीचे नियम जवळजवळ हेच आहेत. आता एकेक पाहू.

उष्णतेपासून दूर. इंजिनमधून जळालेला वायू बाहेर नेणारी एक्झॉस्टची नळी आणि तिच्यावरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येक शे अंशांपर्यंत तापतात. तेलाची नळी त्यांना टेकली नाही तरी जवळून गेली तर तापतेच, कारण प्रारणाला स्पर्शाची गरज नसते. होळीपाशी उभं राहिलं की तोंड भाजतं, तसंच. म्हणजे जे तेल गार करायला निघालंय तेच वाटेत पुन्हा तापणार, आणि नळीचं रबर कडक होऊन चिरणार. त्याहून मोठा धोका म्हणजे चिरेतून उडालेलं तेल त्या तापलेल्या भागावर पडलं तर पेट घेऊ शकतं. नळी दूर नेणं शक्यच नसेल तिथे मध्ये पत्र्याचा आडोसा लावतात किंवा नळीवर उष्णतारोधक वेष्टण चढवतात.

हलणाऱ्या भागांपासून दूर. रेडिएटरचा पंखा, इंजिनचे पट्टे, स्टिअरिंगचा दांडा, पुढच्या चाकाचे सांधे हे सगळे फिरतात किंवा हलतात. गाडी उभी असताना नळी लांब वाटते. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा चाक खड्ड्यात जाऊन वर उचललं गेलं की अंतर संपतं. म्हणून तपासताना दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग फिरवून बघायचं असतं.

इंजिनच्या हलण्याला वाव. हा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रेडिएटर गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र रबरी माऊंटिंगवर बसलेले असतात आणि गाडी सुरू करताना, अॅक्सिलरेटर दाबताना हिसका घेतात. म्हणजे नळीचं एक टोक स्थिर, दुसरं सतत हलणारं. संपूर्ण नळी धातूची केली तर ती याच हिसक्यांनी थकून एक दिवस तडकेल. म्हणून बराचसा भाग धातूचा आणि मध्ये एखादा तुकडा लवचिक होजचा ठेवतात. त्या तुकड्यात थोडी ढील हवी. पतंगाच्या मांजासारखा ताणून बसवलेला होज चालत नाही.

घासण्यापासून जपणूक. नळी पत्र्याच्या भोकातून जात असेल तर त्या भोकाला रबरी कडं हवं. नळी जिथे सांगाड्याला धरून जाते तिथे रबराचं अस्तर असलेली क्लिप हवी. नुसती लोंबकळणारी नळी प्रत्येक खड्ड्यात हादरते आणि जिथे टेकते तिथे हळूहळू झिजते. "थेंबे थेंबे तळे साचे" आपण शिकवतो, इथे घासणं साचत जातं. प्लॅस्टिकची पट्टी करकचून आवळणं हा उपाय नव्हे. ती उष्णतेने ठिसूळ होते आणि मऊ होजला चेपतेसुद्धा.

वळण मोठं ठेवायचं. बागेत पाणी देताना पाईप दुमडला की पाणी थांबतं. तेलाचंही तसंच. धातूची नळी हाताने गुडघ्यावर वाकवली की ती वळणापाशी चपटी होते. तिच्यासाठी नळी वाकवायचं हत्यार असतं. होजच्या बाबतीत काटकोनात वळायचं असेल तर त्या आकाराचा जोड वापरतात.

खालून मार बसणार नाही अशी वाट. नळी गाडीच्या सर्वांत खालच्या आडव्या पट्टीच्या खाली उतरता कामा नये. आपल्या रस्त्यांवरचे उंच गतिरोधक आणि उडणारी खडी आठवा, म्हणजे कारण सांगावं लागणार नाही.

या सहा मुद्द्यांचं सार असं, की आधी सुरक्षित वाटा शोधायच्या आणि मग त्यांच्यातली सर्वांत आखूड निवडायची. उलटा क्रम चालत नाही.

५) नळी आणि जोड

दिसायला सगळ्या काळ्या रबरी नळ्या सारख्याच. पण पाण्याची नळी तेलाला लावली तर तिचं रबर फुगतं, मऊ होतं. गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठी वेगळ्या होज मिळतात. त्यांच्यासाठी 'एसएई जे १५३२' नावाचं मानक आहे आणि अनेक होजवर ते छापलेलं असतं. दुकानात "तेलाची नळी द्या" एवढंच न म्हणता "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरची होज द्या" असं म्हणावं.

जोड उघडताना दोन पाने लावायचे असतात. एका पान्याने रेडिएटरवरचा जोड धरायचा, दुसऱ्याने नळीचा नट फिरवायचा. एकच पाना लावून जोर केला तर आतला कूलर पिळवटतो. तो तडकला तर कूलंट तेलात मिसळतो आणि तेल गुलाबी लस्सीसारखं दिसू लागतं. पाणी आणि कूलंट क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटं करतात. म्हणजे एका पान्याचा आळस पूर्ण गिअरबॉक्सला महागात पडू शकतो.

६) जास्तीचा कूलर लावला तर

अमेरिकेत गाडीमागे बोट किंवा राहण्याची गाडी ओढून नेण्याची पद्धत आहे. त्या ओझ्याने तेल फार तापतं, म्हणून तिथे लोक रेडिएटरच्या पुढे आणखी एक कूलर बसवतात. अनेक जण हे काम घरी स्वतः करतात. आपल्याकडे हे क्वचित होतं, पण यातला क्रमाचा मुद्दा शिकवण्यासारखा आहे.

तेल आधी रेडिएटरमधल्या कूलरकडे न्यायचं, तिथून जास्तीच्या कूलरकडे आणि मग गिअरबॉक्सकडे परत. उलट केलं तर? वाऱ्याने ७० अंशांपर्यंत गार झालेलं तेल ८५-९० अंशांच्या कूलंटमध्ये जाईल आणि पुन्हा तापून गिअरबॉक्समध्ये परतेल. सगळे भाग तेच, फक्त क्रम चुकला आणि कमाई गेली. मुलांना हे कोडं घाला, छान उत्तरं येतात.

७) पालकांनी काय लक्षात ठेवावं?

या नळ्यांना हात लागण्याची वेळ बहुतेकदा एकाच कारणाने येते. पुढून ठोकर बसते, रेडिएटर बदलला जातो आणि त्या वेळी नळ्या काढून पुन्हा जोडल्या जातात. तेव्हा एखादी क्लिप तुटलेली असते, ती परत लागत नाही. नळी जिथे जागा मिळेल तिथून घातली जाते. गाडी सुरू होते, चालते, सगळं ठीक वाटतं. परिणाम काही महिन्यांनी दिसतो. नळी फुटली तर गिअरबॉक्सचं तेल थोड्याच वेळात बाहेर पडू शकतं आणि गाडी ओढायची थांबते. घाटात, रात्री, मुलं गाडीत असताना हे होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून अशा दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना चार गोष्टी विचारा :

• नळ्या कंपनीच्या मूळ वाटेनेच बसवल्या आहेत का?
• सगळ्या क्लिपा आणि रबरी कडी जागेवर आहेत का?
• होज बदलली असेल तर कोणत्या कामाची वापरली?
• तेल कमी झालं होतं, ते ठरलेल्या प्रकारचंच भरलं का आणि पातळी तपासली का?

घरी एक सोपी तपासणी करता येते. रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग पाहा. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. रंगीत पण पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट असण्याची शक्यता. बोटांत घेतल्यावर निसरडं, तेलकट आणि लालसर असेल तर गिअरबॉक्सचं तेल असू शकतं. बहुतेक गाड्यांत ते लाल असतं, काहींत वेगळ्या रंगाचं. डाग तेलकट असेल तर गाडी लांब न नेता मेकॅनिकला बोलवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः कधीही शिरू नका.

८) वर्गात घेण्यासाठी दोन कृती

कृती पहिली : कप आणि बशी. सारख्या मापाचं कोमट पाणी एका पेल्यात आणि एका पसरट ताटलीत घ्या. दोन्हींत तापमापी धरून दर दोन मिनिटांनी नोंद करा. दहा मिनिटांत तक्ता तयार होतो. मग ताटलीवर पुठ्ठ्याने वारा घालून तोच प्रयोग पुन्हा करा. पृष्ठभाग आणि वारा, दोन्हींचा परिणाम आकड्यांत दिसतो. पाणी कोमटच घ्या, उकळतं नको.

कृती दुसरी : नळीची वाट शोधा. चौकटीच्या कागदावर वीस बाय पंधरा चौकोन आखा. वरच्या ओळीत रेडिएटर, खालच्या बाजूला गिअरबॉक्स. मध्ये काही चौकोन लाल करा, ती एक्झॉस्टची नळी. काही निळे करा, तो पंखा आणि पट्टे. नियम असे : लाल चौकोनापासून दोन घरं दूर राहायचं, निळ्यापासून एक घर. एका वळणानंतर लगेच दुसरं वळण नको, मध्ये किमान दोन घरं सरळ जायचं. दर चार घरांनी एक क्लिप काढायची. शेवटी नळीची लांबी मोजायची. ज्या गटाने एकही नियम मोडला नाही, त्यांच्यात सर्वांत आखूड नळी ज्याची तो गट जिंकला.

एवढं झालं की खरी मजा. गिअरबॉक्सचा वेगळा पुठ्ठा कापून कागदावर नुसता ठेवा आणि नळीच्या जागी लोकरीचा धागा दोन्ही टोकांना चिकटवा. आता तो पुठ्ठा एक घर बाजूला सरकवा. ज्यांनी धागा ताणून लावला त्यांचा निघून येतो, ज्यांनी ढील ठेवली त्यांचा टिकतो. इंजिनच्या हिसक्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

या एका पाठात वहन कूलरच्या पातळ धातूतून जाणाऱ्या उष्णतेत दिसलं, प्रारण एक्झॉस्टच्या झळीत दिसलं आणि कूलंट व वाऱ्यासोबत वाहून जाणाऱ्या उष्णतेत अभिसरण दिसलं. शिवाय सर्वांत जवळची वाट नेहमी योग्य नसते, हे मुलांनी स्वतः चौकटीवर बोट ठेवून शोधलं. गावात ओळखीचं गॅरेज असेल तर तिथल्या मेकॅनिकदादांना एखाद्या शनिवारी शाळेत बोलवा. जुनी, घासून भोक पडलेली नळी ते घेऊन आले तर ती मुलांच्या हातात द्या आणि "हिला भोक इथेच का पडलं असेल?" एवढंच विचारा. पुढचं मुलंच बोलतील.